घरातला स्पीकर आणि गाणाऱ्याचा गळा

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी आम्हाला विचारलं, व्याख्यानमालेत हे स्पीकरचं काय काढलंत? पाणी आहे, शेती आहे, साहित्य आहे; हा तर दुकानदाराचा विषय. आमचं म्हणणं एवढंच, की पुस्तकाची समीक्षा आपण करतो, नाटकाची करतो, गायकाची तर फारच करतो. पण तो गायक ज्या डब्यातून आपल्या घरात येतो, त्या डब्याची समीक्षा कोणी करत नाही. ती दुकानदारावर सोडलेली आहे. बीड जिल्ह्यात भीमसेन जोशी किंवा कुमार गंधर्व समोर बसून ऐकलेली माणसं किती निघतील? बाकीच्यांनी कॅसेटवर ऐकले, सीडीवर ऐकले, आता मोबाइलवरून ऐकतात. मग तो डबा कसा बोलतो हे बघायला नको का?

बीडच्या सुभाष रोडवर जा किंवा इथं अंबाजोगाईच्या बाजारात जा, दुकानात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पोरगा बटन दाबतो, आवाज चढवतो आणि म्हणतो, "काका, बेस बघा, भिंत हलायली का नाही?" भिंत हलते. काका खूश. सेट घरी येतो. दुकानात गाणाऱ्याचे शब्द कळतात का, हे ना त्यानं विचारलं, ना काकांनी. खोक्यावर ३००० वॅट पीएमपीओ छापलेलं असतं. असाच एक सेट आम्ही उलटा करून मागची पट्टी वाचली, तर तो वीज घेत होता ४० वॅट. ४० वॅट घेऊन ३००० वॅट देणारं यंत्र निघालं असतं, तर परळीचं वीज केंद्र बंद करून टाकता आलं असतं. (हशा)

हा बेस आपल्या डोक्यात कुठून आला, ते जरा मागं जाऊन बघू. ज्यांचं वय पन्नाशीच्या पुढं आहे त्यांना माठ आठवत असेल. डेकला जोडलेला उघडा स्पीकर माठाच्या किंवा छोट्या रांजणाच्या तोंडावर ठेवायचा. गावोगावी हे चालायचं. आणि ते अडाणीपणाचं नव्हतं, त्यात शास्त्र होतं. उघड्या स्पीकरचा पडदा पुढं जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा कडेनं वळून एकमेकींना खाऊन टाकतात, त्यामुळं खालचे सूर ऐकूच येत नाहीत. माठानं मागची लाट कोंडली, की खर्ज उमटतो. ज्यानं पहिल्यांदा हे करून बघितलं, त्याला आमचा नमस्कार.

पण माठात एक खोट आहे. आत कोंडलेली थोडीशी हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ठरावीक सुरालाच जोरात घुमते. मग पखवाजाची धुमाळी असो, तबल्याचा बायाँ असो की सिनेमातल्या गाण्यातला गिटार असो, खाली एकच घुम. सूर वेगळे, घुम तीच. आपल्या दोन पिढ्यांचा कान या घुमेवर तयार झाला आणि तिलाच आपण बेस म्हणायला लागलो. पुढं सुतारानं प्लायवूडचे डबे केले, रेडिओ दुरुस्तीवाल्यानं आयसीवर अँप्लिफायर बांधून दिला, त्यानंतर कंपनीचे काळे वूफर आले. स्वस्तातला वूफर उघडून बघा. आत हवेचं एक भोक ठेवलेलं असतं आणि त्याचा मेळ मुद्दाम असा जमवलेला असतो, की एका ठिकाणी उसळी यावी. दुकानात तीच उसळी विकली जाते. माठ गेला म्हणतात; आम्हाला तो काळ्या प्लास्टिकमध्ये दिसतो.

आता ज्याला आपण होम थिएटर म्हणतो त्याच्याकडे येऊ. एक वूफर, चार किंवा पाच मुठीएवढे स्पीकर. सिनेमातली मोटार डावीकडून उजवीकडं जाताना मजा येते, ते आम्ही नाकारत नाही. पण त्यावर अभंग लावला की काय होतं? पुरुषाच्या आवाजाचा पायाचा सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या मध्ये असतो. तीन इंची पडद्याच्या स्पीकरला तिथपर्यंत उतरताच येत नाही. म्हणून तेवढा भाग वूफरकडं ढकललेला असतो. वूफर ठेवलेला असतो टेबलाखाली, कोपऱ्यात, आणि छोटे स्पीकर शोकेसच्या वरच्या कप्प्यात. म्हणजे भीमसेनांची छाती टेबलाखाली आणि तोंड शोकेसवर! राम फाटकांच्या चालीतले त्यांचे अभंग घ्या. त्यांची सगळी ताकद यात आहे, की खालच्या षड्जापासून तार सप्तकापर्यंत आवाज एकाच छातीतून, अखंड येतो. तो अखंडपणाच या यंत्रानं मोडला. उरलेला आवाज मोठा असेल, पण त्यात भीमसेन नाहीत.

(इथे एकाच अभंगाचा तुकडा आधी पाच स्पीकरच्या सेटवर आणि मग दोन साध्या स्पीकरवर वाजवून दाखवण्यात आला.)

ऐकलंत? दुसऱ्या वेळेला आवाज लहान होता. पण माणूस समोर बसला होता.

कोणी म्हणेल, तुमचं हे शास्त्रीय संगीतवाल्यांचं सोवळं झालं. आम्हाला प्रल्हाद शिंदे ऐकायचेत, ढोलकी ऐकायचीय, हलगी ऐकायचीय. मग तर आमचा मुद्दा जास्तच लागू होतो. हलगीत बेस असतो हा गैरसमज आहे. हलगीचा जो कडकडाट अंगावर येतो, तो वरच्या आणि मधल्या पट्टीत असतो, कातडं शेकून ताणलेलं असतं ते त्याच्यासाठी. बेस चढवलेल्या सेटवर हलगी लावा, पोत्यावर काठी मारल्यासारखी वाजते. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज चढा, खणखणीत, शब्द धारदार. तो वूफरच्या घुमेखाली गाडला की राहिलं काय? मिरवणुकीतल्या डीजेनं आणि ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवरच्या टेपनं जो कान घडवला, तो कान आपण घरातही घेऊन येतो, हे खरं दुखणं. मिरवणूक उघड्यावर असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे; ती कोण किती पाळतं हा वेगळा विषय. पण बारा बाय दहाच्या खोलीत तोच आवाज कशासाठी?

खोलीचा विषय निघालाच आहे, तर तिथं जरा जास्त थांबू, कारण आमच्या घरात हे सगळं तिथंच घडलं. आमचं जुनं घर माळवदाचं. मातीच्या पांढरीच्या जाड भिंती, वर लाकडी सरे, त्यावर माती. खाली सारवलेली जमीन, कोपऱ्यात धान्याची पोती, दांडीवर गोधड्या. त्या घरात अण्णा, म्हणजे आमचे वडील, आकाशवाणी परभणी ऐकायचे. मिडियम वेव्ह, रेडिओत चार इंची एकुलता एक स्पीकर. बेस नावाला नाही. पण बाजारभावाचा एकेक आकडा आणि कीर्तनातला एकेक शब्द ओट्यापर्यंत कळायचा.

मग घर पाडून स्लॅबचं बांधलं. सिमेंटच्या गुळगुळीत भिंती, फरशी, खिडकीला काच. कापसाचे पैसे आले तसा आम्ही मोठ्या कौतुकानं वूफरवाला सेट आणला आणि अण्णांना कीर्तनाची कॅसेट लावून दिली. आठ दिवसांत त्यांनी ऐकणं सोडलं. म्हणाले, "मला आता कमी ऐकू यायलंय. बुवा काय बोलायलेत कळंना." आम्ही काय केलं? आवाज वाढवला. मग आणखी मोठा सेट आणला. अण्णा बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागले. आम्ही मनाशी ठरवून टाकलं, की म्हातारपण आलं.

म्हातारपण आलं होतंच. वयानुसार कान आधी वरच्या पट्टीत मंदावतो. स, श, त, क ही व्यंजनं तिथं असतात आणि शब्द कळतो तो व्यंजनांवर. पण दुसरी गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली. खालचा जोरदार आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. म्हणजे ज्या माणसाला व्यंजनं आधीच कमी ऐकू येत होती, त्याच्यासमोर आम्ही घुम वाढवत नेली. आणि उघड्याबोडक्या स्लॅबच्या खोलीत प्रत्येक शब्दाचा पडसाद पुढच्या शब्दावर जाऊन पडत होता. दहा फूट रुंदी म्हणजे सुमारे ५६ हर्ट्झला घुम, बारा फूट लांबी म्हणजे सुमारे ४७ हर्ट्झला. छताची उंचीही दहा फूट असेल तर ५६ ची घुम दोन बाजूंनी चढते. सेट बदलून हे जात नाही, खोली तीच राहते ना.

मग एका दिवाळीला शेजारचा रेडिओ दुरुस्तीवाला घरी आला. त्यानं सेटकडं बघितलंच नाही. टाळी वाजवली, ऐकली आणि म्हणाला, "आधी खोलीला कपडे घाला." स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी टाकली, वूफर कोपऱ्यातून काढून त्याचं बटन जवळजवळ शून्यावर आणलं, दोन स्पीकर शोकेसमधून काढून स्टुलावर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवले. पैसे लागले शून्य. अंबाजोगाईकरांना जाड कापडाची थोरवी आम्ही काय सांगावी. दासोपंतांनी त्यावर अख्खं पंचीकरण लिहिलं, आम्ही त्याच्यावर कीर्तनाचा पडसाद अडवला एवढंच. अण्णा आत येऊन बसले. सगळं नाही, पण बरंचसं त्यांना कळू लागलं. गोधडी खालचा खर्ज शोषत नाही, हेही सांगून ठेवतो. ती पडसाद मारते. खर्जासाठी वूफरच आवरावा लागतो आणि स्पीकर कोपऱ्यातून ओढावा लागतो.

आता ज्यांना खरोखरच नवे स्पीकर घ्यायचेत त्यांच्याबद्दल. वॅट विचारू नका, संवेदनशीलता विचारा. एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा चांगल्या कंपनीच्या कागदावर असतो. एकाचा ८४ आणि दुसऱ्याचा ९० असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी पहिल्याला चौपट वॅट लागतात. घरात आपण ऐकतो ते बहुतेक वेळा एकदोन वॅटांवर. पाच-सहा इंची पडदा आणि वर छोटा ट्वीटर असलेली साध्या लाकडी डब्यांची जोडी आपल्या बहुतेक घरांना पुरून उरते. पाचाच्या किमतीत दोन घ्या, चांगले दोन घ्या.

दुसऱ्या टोकाला आपले हौशी मित्र आहेत, त्यांनाही सोडायचं कारण नाही. आपल्याकडं चांगली कामं झालेली आहेत. बेळगावच्या नॉर्जचे अँप्लिफायर, कोलकात्यात १९७० मध्ये सुरू झालेलं सोनोडाइन. पुण्याच्या केडन्सनं तर कागदी पडद्याऐवजी विजेच्या दाबावर हलणाऱ्या पातळ फिल्मचे स्पीकर बनवले. ही नावं अभिमानानं घ्यावीत. पण जो मित्र स्पीकरपेक्षा महागडी वायर आणतो आणि खोलीत एक सतरंजीही टाकत नाही, तो आणि भिंत हलवणारा पोरगा यांच्यात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोघांनाही यंत्र ऐकायचंय.

दुकानात जाताना स्वतःचं गाणं घेऊन जा. आम्ही कुमार गंधर्वांचं निर्गुणी भजन नेतो. क्षयानं एक फुप्फुस निकामी झालेल्या या माणसानं श्वासाच्या तुटकपणातून स्वतःची गायकी घडवली. त्यांच्या दोन ओळींच्या मध्ये जी जागा असते, तिथं फक्त तंबोरे असतात. वाईट स्पीकरवर ती जागा रिकामी वाटते, नुसती गुणगुण. चांगल्यावर जवारी उलगडते, तारेमागून तार कळते आणि कुमारांनी पुढचा सूर कुठून उचलला ते दिसतं. दुकानदार म्हणेल, "काका, ह्यात तर काहीच वाजंना, दुसरं लावू का?" लावू देऊ नका. आवाज हळू ठेवा. हळू आवाजात शब्द कळले तर पुढं बोला. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या. त्याला शब्द कळले तर सगळ्यांना कळतील.

शेवटी एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: पंधरा वर्षांपूर्वीचे डेकचे स्पीकर फरफर करतात, टाकून द्यावेत का? पडद्याच्या कडेचा फोम किंवा रबर बघा. बोट लावल्यावर भुगा पडत असेल तर तेवढीच कड बदलून मिळते, डबा आणि चुंबक अनेकदा ठणठणीत असतात. आणि लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर गुणगुण येते म्हणून अँप्लिफायर बदलू नका. स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते, गुणगुण तिची आहे. साइन वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर एकदा लावून बघा, नाहीतर लाइट येईपर्यंत थांबा.