हैदराबादचा भीम, ताकाराझुकाचा रंगमंच

हैदराबादच्या चित्रसृष्टीने जपानी प्रेक्षकांस वश केले, ही वार्ता आता जुनी झाली. एस. एस. राजामौली यांचा 'आरआरआर' ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानात झळकला व अमाप लोकप्रिय झाला. परंतु त्यापुढील घटना आम्हांस अधिक विचारार्ह वाटते. जानेवारी २०२४ मध्ये ताकाराझुका या संस्थेच्या 'तारा' संघाने याच कथेचा संगीत प्रयोग सादर केला. तेथे सर्व भूमिका स्त्रियाच करतात; कोमराम भीम झाली होती रेई माकोतो ही नटी.

या रूढीचे मूळ खोल आहे. १६०३ च्या सुमारास क्योतोत ओकुनी नामक स्त्रीने काबुकीचा पाया घातला. १६२९ साली शासनाने स्त्रियांना रंगभूमीवरून हद्दपार केले आणि पुढे पुरुषांच्या स्त्रीभूमिकांची परंपरा रुजली. कोबायाशी इचिझो या रेल्वे-उद्योजकाने १९१३ साली, आपल्या मार्गावरील ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या गावी उतारू यावेत म्हणून, मुलींचे गायनपथक उभारले. धंद्याच्या युक्तीतून जन्मलेल्या या कलेने काबुकीचाच आरसा उलटा धरला. त्याच १९१३ साली आमच्याकडे गंधर्व नाटक मंडळी निघाली. बालगंधर्वांची स्त्री ही जशी घरोघरच्या स्त्रीची नक्कल नव्हती, तसाच ताकाराझुकाचा पुरुषही नक्कल नव्हे. ती घडविलेली प्रतिमा होय. मराठी रसिकास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

मात्र तेथे हे घडविणे दैवावर सोडलेले नाही. संस्थेच्या विद्यालयात दोन वर्षे शिकल्यावाचून रंगमंचावर पाऊल पडत नाही. या शिस्तीचे गोडवे गाताना तिची किंमतही सांगितली पाहिजे: २०२३ साली एका तरुण कलावतीचा मृत्यू झाला, आणि पुढील वर्षी वरिष्ठांकडून तिचा छळ झाल्याचे मान्य करून संस्थेस क्षमा मागावी लागली. परंपरा माणसांच्या जिवावर जगू लागली, तर तिचे वैभव आम्हांस नको.

आमचा खरा प्रश्न भीमाविषयी आहे. हा गोंड वीर आदिलाबादच्या रानातला, मराठी मुलुखाच्या शेजारचा. रानावरील व जमिनीवरील हक्कासाठी तो निजामाच्या राजवटीशी झुंजला आणि १९४० साली जोडेघाट येथे मारला गेला. चित्रपटाने त्यास १९२० च्या दिल्लीत नेले, अल्लुरी सीताराम राजूंचा मित्र केले, व शत्रू म्हणून इंग्रज पुढे उभा केला. कल्पनेस हा अधिकार आहे. पण जमिनीचे गाऱ्हाणे त्यात मागे पडले. याचा दोष जपानी कलावतींवर येत नाही. त्यांना जी कथा मिळाली ती त्यांनी आपल्या परंपरेत बसविली. विस्मरणाचा आरंभ हैदराबादेतच झाला होता.

त्या प्रयोगाच्या शीर्षकात भीमाच्या नावाआधी वर्गमुळाचे चिन्ह होते. त्यांनी ते कोणत्या हेतूने घातले असो. मूळ शोधण्याचे काम मात्र आमचे आहे.