गवत आणि त्याचीं मुळें

गवताचें वर्णन करण्यासाठीं एक संबंध ग्रंथ खर्ची घालावा, हें प्रथमदर्शनीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. नेब्रास्का विद्यापीठाचे अध्यापक जॉन वीव्हर यांचा १९५४ सालीं प्रसिद्ध झालेला ‘नॉर्थ अमेरिकन प्रेअरी’ हा ग्रंथ वाचतांना मात्र तें आश्चर्य फार वेळ टिकत नाहीं.

अमेरिकेच्या मध्यभागीं जेथें आज मक्याचीं शेतें दिसतात, तेथें पूर्वीं ‘बिग ब्लूस्टेम’ हें पुरुषभर वाढणारें गवत मैलोगणती पसरलेलें होतें. आपल्याकडील मारवेल, जोंधळा व ऊस हे त्याचेच कुळबंधु होत. वीव्हर यांनीं माळावर खोल चर खणले, मुळें तंतूतंतूनें मोकळीं केलीं आणि त्यांचीं चित्रें काढलीं. हीं मुळें सहा-सात फूट खोल जातात. प्रतिवर्षीं त्यांचा कांहीं अंश कुजून मातींत मिसळतो. तेथील जमिनीचा काळेपणा व कस ही हजारों वर्षांच्या या कुजीचीच ठेव आहे.

हें एकदां ध्यानीं आलें म्हणजे कुरणांत किती जनावरें पोसावीं, या प्रश्नाचें स्वरूपच पालटतें. मालक वरचीं पातीं पाहून संख्या ठरवितो. परंतु पातीं सारखीं खुडलीं गेलीं कीं मुळांस अन्न पोंचत नाहीं; निम्म्याहून अधिक पाला गेल्यास मुळांची वाढ खुंटते, असें क्रायडर यांनीं १९५५ सालीं प्रयोगानें दाखविलें. अतिचराईनें प्रथम ब्लूस्टेम हटतें, मग आंखूड गवतें येतात, शेवटीं तण. पाऊस बरा असेतों हा तोटा दिसत नाहीं. १९३४ सारखें अवर्षण आलें म्हणजे तो एकदम उघडा पडतो. त्या अवर्षणांत अतिचराईचीं कुरणेंच अधिक उजाड झालीं.

तथापि ग्रंथकाराची एक भूमिका आम्हांस मान्य करतां येत नाहीं. क्लेमेंट्स यांच्यासह १९२९ सालीं लिहिलेल्या पाठ्यपुस्तकापासून ते असें धरून चालतात कीं, गवताळ प्रदेशाचें अंतिम स्वरूप हवामानच ठरवितें. कॅन्ससमधील कोंझा येथें १९७१ पासून चाललेल्या संशोधनानें निराळेंच दाखविलें आहे. वणवे थांबविले तर त्याच हवामानांत झुडपें व झाडें गवतावर मात करतात. आणि १९८७ सालीं बायसन आणल्यावर तेथें वनस्पतींचे प्रकार वाढले. वणवे लावणारे मूळ रहिवासी व त्यांच्यामागून कोंवळ्या गवतावर येणारे बायसन यांस या ग्रंथांत कर्त्याचें स्थान मिळावयास हवें होतें.

हें उणें धरूनहि ग्रंथाचें मोल आम्हांस मोठें वाटतें. दख्खनचे माळ सरकारी दफ्तरांत ‘पडीक’ म्हणून नोंदले जातात. तेथें मारवेल जाऊन कुसळी उरली, तरी आमची नजर वरच्यावरच फिरते. माळाची किंमत ठरविण्यापूर्वीं हातभर तरी खणून पाहावें, एवढा एक धडा घेण्यासाठीं तरी आमच्या वाचकांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.