जागेवरची साक्ष

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून सुमारे आठव्या शतकापर्यंत मोचे लोक नांदत होते. त्यांनी लिहिलेला शब्द मागे ठेवला नाही. सिपान गावाजवळच्या कच्च्या विटांच्या टेकाडात १९८७ साली त्यांच्या एका अधिपतीचे थडगे सापडले. तेव्हापासून या शोधाविषयी जे लिहिले जाते, त्यात सोन्याचाच गाजावाजा अधिक असतो. तुतनखामेनशी तुलना तर ठरलेलीच. ही दृष्टी आम्हांस अपुरी वाटते.

१९८७ च्या फेब्रुवारीत चोरट्यांनी याच टेकाडातले एक संपन्न थडगे फोडले. पोलिसांनी लांबायेके येथील संग्रहालयाचे संचालक वाल्तेर आल्वा यांना बोलावले. लुटीचा माल संग्राहकांच्या हाती जात असतानाच आल्वांनी तेथे उत्खनन आरंभले आणि एक अस्पर्शित थडगे उघडले. एकाच टेकाडातले एक थडगे लुटलेले, तर एक वाचलेले. शोधाचे खरे मोल या दोहोंच्या तुलनेतच कळते.

वाचलेल्या थडग्यात लाकडी पेटीत एक पुरुष होता. त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांच्या आकाराचे मणी होते: उजवीकडे सोन्याचे, डावीकडे चांदीचे. हातांतही तोच क्रम होता, उजव्यात सोने व डाव्यात चांदी. भोवती स्त्री-पुरुष, एक मूल आणि कुत्रा. वरच्या थरात पाय तोडलेला पहारेकरी. हेच मणी चोरबाजारात गेले असते तर शेंगा सुंदरच दिसल्या असत्या, पण उजवे-डावे कायमचे नाहीसे झाले असते.

मोचे मडक्यांवर एक प्रसंग वारंवार आढळतो. बंदिवानांचे गळे चिरून त्यांचे रक्त पेल्यातून मुख्य पात्रास अर्पण केले जाते. ख्रिस्तोफर डॉनन यांनी त्याचा अभ्यास आधीच केला होता. सिपानच्या पुरुषाचा साज त्या मुख्य पात्राशी जुळला. शेजारच्या दुसऱ्या थडग्यात घुबडाचे शिरोभूषण व पेला मिळाला. १९९१ साली सान होसे दे मोरो येथे त्याच प्रसंगातील पुजारीण सापडली. पुराणकथा वाटणारे चित्र प्रत्यक्षातला विधी ठरले.

तथापि येथेही आमचा एक आक्षेप आहे. ‘सिपानचा स्वामी’ ही पदवी आपण दिलेली आहे. त्याचे स्वतःचे नाव कोणास ठाऊक नाही. साज जुळला म्हणजे पद कळले, माणूस कळला असे नव्हे. सरकारी नोकरीत आयुष्य गेल्यामुळे आम्ही हा भेद जाणतो: खुर्ची तीच राहते, बसणारे बदलतात. सान होसे दे मोरो येथे पुजारिणींची एकाहून अधिक थडगी निघाली, हे त्यास पोषकच आहे. अधिपतीचे चरित्र रंगवणाऱ्या लेखकांनी एवढा संयम पाळावयास हवा.

सिपानच्या लुटीतला, कमरेमागे लटकवण्याचा एक सोन्याचा अलंकार १९९७ साली फिलाडेल्फिया येथे जप्त झाला आणि १९९८ साली पेरूला परत मिळाला. तो देशात परतला. जागेवर मात्र परतू शकला नाही. कोणाच्या देहावर, कोणत्या वस्तूंसोबत तो होता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पंचनाम्यावाचून हाती आलेला मुद्देमाल कितीही मौल्यवान असला तरी साक्ष देत नाही. २००२ साली लांबायेके येथे सिपानच्या थडग्यांसाठी स्वतंत्र संग्रहालय उभे राहिले. तेथील सोने पाहताना ते कोठे व कसे ठेवलेले होते, हे आधी वाचावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.