पायीं चालणाऱ्याची परिभाषा

रस्त्याच्या नव्या शास्त्राबरोबर मराठींत जे शब्द आले, त्यांचें परीक्षण अद्याप कोणी फारसें केलेलें दिसत नाहीं. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचाऱ्यांसाठीं स्वतंत्र धोरण स्वीकारलें. धोरण आलें म्हणजे परिभाषाही येते. तिच्यांतील 'दुभाजक' हा शब्द उत्तम आहे. 'पदपथ' कानाला किंचित् कोरडा लागतो, पण खोटा नाहीं. आमची तक्रार आहे ती 'गतिरोधका'विषयीं.

रोध म्हणजे अडवणूक. या शब्दांत वाहन हांकणाराचें गाऱ्हाणें तेवढें ऐकूं येतें; ज्या म्हातारीला रस्ता ओलांडतां यावा म्हणून हा उंचवटा घातला, तिला त्यांत जागाच नाहीं. बरें, वस्तुस्थितीही तशी नाहीं. इंडियन रोड्स काँग्रेसनें १९८८ सालीं या उंचवट्याचें जें माप दिलें, तें ३.७ मीटर रुंद आणि अवघें १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ किलोमीटर वेगानें येणारें वाहन त्यावरून सुखानें जावें, हा त्या मापाचा हेतु. म्हणजे त्याचें काम वेग आवरण्याचें. वाट अडविण्याचें नव्हे. परंतु नांवच 'रोधक' पडल्यावर गांवोगांवचे लोक पाठीचा मणका हादरेल अशी अरुंद वरवंटी रस्त्यावर उभी करतात, आणि शब्दाला जागल्याचें समाधान मानतात! इंग्रजानें त्याला 'झोपलेला पोलीस' म्हटलें, त्यांत निदान विनोद तरी आहे.

आम्हीं त्यास 'उंबरठा' म्हणूं. उंबरठ्यापाशीं मनुष्य आपोआप सावकाश होतो, कारण पुढें कोणाचें तरी घर आहे हें त्याला ठाऊक असतें. डच लोकांची कल्पना याहून निराळी नाहीं. डेल्फ्ट शहरांत जन्मलेल्या आणि १९७६ सालीं कायद्यानें मान्य झालेल्या त्यांच्या 'वूनेर्फ' या शब्दाचा अर्थच मुळीं राहण्याचें आवार, म्हणजे आपलें अंगण. तेथें मोटार ही पाहुणी. इंग्रजी 'ट्रॅफिक कामिंग' हा देखील जर्मन शब्दाचा तर्जुमाच आहे. मग आपण तर्जुम्याचा तर्जुमा कां करावा?

कंधारसारख्या जुन्या किल्ल्याच्या गांवांत शब्दांचा तुटवडा नाहीं. मराठवाड्यांत बोळ आहे, पार आहे, वाड्याची ढेलज आहे, वेस आहे. वस्तींत शिरतांना रस्ता अरुंद करून वाहनाला सावध करावें, असें नवे शास्त्रज्ञ सांगतात. ती वेस नव्हे तर काय? चव्हाट्याचें तर विचारूंच नये. गोष्ट 'चव्हाट्यावर' येते ती तेथें माणसें थांबतात म्हणून. नुसतीं वाहनें धांवत असतीं तर ही म्हण झालीच नसती. उलट 'रहदारी' हा शब्द पहा: राहदारी म्हणजे पूर्वीं वाटेवरची जकात किंवा प्रवासाचा परवाना. येथेंही रस्ता जाणाऱ्या मालाचा, राहणाऱ्याचा नव्हे.

शब्दांनीं काय होणार, असें कोणी म्हणेल. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवर १,६८,००० हून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांतील जवळजवळ दर पांचांतील एक पायीं चालणारा होता. तरी आपण अजून 'तो आडवा आला' असेंच म्हणतों. अमेरिकेंत मोटारी वाढल्या तेव्हां रस्ता ओलांडणाऱ्याला 'गांवढळ' अशा अर्थाचें विशेषण चिकटवून गुन्हेगार ठरविण्यांत आलें. आपल्याकडे एका क्रियापदानेंच तें काम भागतें. आणि 'पादचारी पूल'! गुडघे धरून जिने चढावयाचे पादचाऱ्यानें, खालून न थांबतां निघून जावयाचें मोटारीनें, आणि नांव मात्र पादचाऱ्याचें.