'अधांतर' आणि गिरणगांवची जमीन

जयंत पवार यांचें 'अधांतर' हें नाटक १९९७ सालीं रंगभूमीवर आलें. त्याच दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत बोलिंगचा खेळ आणि नवीं दुकानें थाटलीं जाऊं लागलीं. या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून या नाटकाचें मोल नीट कळत नाहीं, असें तें पुन्हां वाचतांना आम्हांस वाटलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

जागतिकीकरणानें मुंबईच्या गिरण्या गिळल्या, असें एका वाक्यांत सांगून मोकळे होण्याची टीकाकारांत रीत पडली आहे. आम्हांस तें वाक्य घाईचें वाटतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हां आपला बाजार जगाला खुला झालेला नव्हता. जुनाट यंत्रें, गिरणींतला नफा गिरणींत न घालण्याची मालकांची वृत्ति, भिवंडीकडे वाढलेले यंत्रमाग—रोग घरचाच होता. पुढें १९९१ सालीं देशानें परकीय भांडवलास दारें उघडलीं, आणि त्याच वर्षीं मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी झाली. म्हणजे गिरणी मेली ती घरच्या रोगानें. तिच्या कलेवराला भाव आला तो मात्र जगाच्या बाजारांत. हा भेद आम्ही प्राध्यापकी काटेकोरपणा म्हणून करीत नाहीं. नाटकाचें नांवच त्यावर उभें आहे. पायाखालची जमीन महाग झाली, आणि तिच्यावर राहणारा माणूस अधांतरीं लोंबकळत राहिला.

नाटक चाळींतल्या एका खोलीपुरतें बोलतें. आई आहे, मुलगी मंजू आहे, तीन मुलगे आहेत. बाबा लेखक होऊं पाहतो, मोहन क्रिकेटांत रमतो, नरू गुंडगिरीच्या वाटेला लागतो. या तिघांना केवळ 'बेकार' म्हणून चालणार नाहीं. बेकाराला उद्यां काम मिळेल अशी आशा तरी असते. यांच्याजवळ जें कांहीं आहे तें नव्या शहराला नकोच आहे. बापाच्या पिढीजवळ मागावरचें कसब होतें, संघटना होती, भजनी मंडळ होतें, शाहिराचा फड होता. नारायण सुर्वे यांच्या १९६६ च्या संग्रहाचें नांव 'माझे विद्यापीठ'. रस्त्याला आपलें विद्यापीठ म्हणणाऱ्या त्या कामगाराला शहर आपलें वाटत होतें. तीस वर्षांनीं त्याच वस्तींतून आलेल्या कृतीचें नांव 'अधांतर' असावें, एवढ्यानेंच मधल्या काळाचा हिशेब पुरा होतो. आणि तरीहि पवार कामगाराच्या घराला देवघर करीत नाहींत. त्यांचीं माणसें खोटें बोलतात, एकमेकांना घालून पाडून बोलतात, आईच्या जिवावर जगतात. त्यांच्यावर प्रेम करण्यासाठीं त्यांना निर्दोष करावें लागत नाहीं, हा या नाटकाचा मोठा गुण. ज्योती सुभाष यांनीं उभी केलेली आई ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको.

याच नाटकावरून महेश मांजरेकर यांनीं २०१० सालीं 'लालबाग परळ' हा चित्रपट काढला. त्यांत गिरणीमालक पडद्यावर येतो. प्रेक्षकाला राग धरावयास एक चेहरा मिळतो, आणि राग काढून तो हलका होऊन घरीं जातो. नाटकानें ही सोय ठेवली नव्हती. आमच्यासारख्या पांढरपेशांना ती हवी असते, हें कबूल केलेलें बरें. कारण फिनिक्सच्या त्याच आवारांत थंडगार हवेंत बसून आम्हींहि कॉफी प्यालों आहों.

आमची एक तक्रार मात्र आहे. एकाच घरांत इतकीं दुःखें कोंबल्यामुळें प्रत्येक मुलगा एकेका प्रश्नाचा प्रतिनिधि होऊं पाहतो. आणि खोलीबाहेर जी झुंज चालली होती तिचा आवाज आंत पुरेसा येत नाहीं. दत्ता इस्वलकर यांची बंद गिरणी कामगार संघर्ष समिती १९८९ पासून लढत होती. मूळ नियमाप्रमाणें विकावयाच्या जमिनीची एक तृतीयांश वांटणी महापालिकेकडे व एक तृतीयांश म्हाडाकडे घरांसाठीं जावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीनें ती केवळ मोकळ्या जागेपुरती उरली. त्याविरुद्धचा दावा २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत जिंकला गेला आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयांत हरला. पुढें घरांच्या सोडतींसाठीं पिकलेल्या केंसांचीं माणसें अर्ज घेऊन रांगा लावीत राहिलीं. बांधकाम व्यापाऱ्यांनीं लोअर परळचें 'अप्पर वरळी' असें बारसें केलें; रांगेंतलीं माणसें अजून गिरणगांवच म्हणतात.

नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं अशा माणसांचे बोल २००४ च्या पुस्तकांत जमविले आहेत. 'अधांतर' वाचून झाल्यावर आम्हीं तें हातीं घेतलें, आणि राहून राहून बाबाची आठवण झाली. खोलींतून उठून तो त्या सभांना, त्या रांगांत वही घेऊन जाऊन बसला असता, तर त्यानें काय लिहिलें असतें, हें वाचावयास आम्हांस फार आवडलें असतें.