लायपोसोम आणि ‘अचूक नेम’

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला आणि ‘लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन-बी’ हे अवघड नाव उदगीरसारख्या गावातही लोकांच्या तोंडी आले. लायपोसोम औषधाला क्षेपणास्त्रासारखे नेमके रोगट पेशीवर नेऊन टाकते, अशा आशयाचे वाक्य लोकप्रिय विज्ञानलेखनात वारंवार भेटते. वर्गात सांगायला ते सोपे आहे. पण दिशाभूल करणारे आहे.

लायपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड रेणूंच्या दुहेरी थराची अतिसूक्ष्म पिशवी. नुसती पिशवी रक्तात सोडली, तर यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी तिला लवकरच गिळतात. म्हणून तिच्या पृष्ठभागावर रासायनिक बंधांनी पॉलिएथिलिन ग्लायकॉलच्या (‘पेग’च्या) साखळ्या जोडतात. या साखळ्या पाणी धरून ठेवतात, रक्तातील प्रथिने पिशवीला सहज चिकटत नाहीत आणि ती जास्त काळ फिरत राहते. अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळालेले कर्करोगावरील ‘डॉक्सिल’ हे असेच औषध. म्हणजे येथे नेम धरणे नाही, लपणे आहे. तेही कायमचे नव्हे. शरीर पेगविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. मग पुढची मात्रा रक्तातून लवकर नाहीशी होते.

दुसरा मार्ग खुणेचा. १९८०च्या सुमारास बी. के. बछावत यांच्या गटाने भारतात लायपोसोमच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या शर्करा बसवल्या. शर्करा बदलली की यकृतातील कोणत्या पेशी त्या पिशव्या अधिक घेतात, तेही बदलले. येथे ‘अधिक’ हा शब्द महत्त्वाचा. ‘फक्त’ असा त्याचा अर्थ नाही.

आणि २०२१चे ते औषध? मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने ज्याच्या देशी रूपाच्या चाचण्या केल्या, ते लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन मोलाचे ठरले ते मुख्यतः मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाल्यामुळे, बुरशीवर नेम साधल्यामुळे नव्हे.

२०१६ साली दहा वर्षांतील प्राणिप्रयोगांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. लायपोसोमसह विविध सूक्ष्मकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी अर्बुदापर्यंत पोचलेल्या भागाचे मध्यक मूल्य होते अवघे ०.७ टक्के.

क्षेपणास्त्राची उपमा हा आकडा झाकून टाकते. मग महाग औषध म्हणजे अचूक औषध, अशी समजूत घरात रुजते. शिक्षकांनी उपमा जरूर वापरावी, पण लगेच मुलांना एक प्रश्न विचारावा: उरलेले ९९.३ टक्के गेले कुठे? खरे विज्ञान तेथून सुरू होते.