हिला रंग मारू नका

ड्रायव्हरच्या दाराची वरची कड आधी पाहा. काच खाली करून उजवं कोपर बाहेर टेकवायची सवय असलेल्या माणसाने तिथला रंग वर्षानुवर्षं घासून काढला आहे. वितभर जागेत फिकट हिरवा रंग संपतो आणि खालचा विटकरी प्रायमर दिसू लागतो. दोन्हींमधली सीमा कुठेही तुटक नाही, ती हळूहळू विरत जाते. पॉलिश पेपरने कुणी हजार वेळा घासलं तरी अशी सीमा तयार होणार नाही. तिला एकाच माणसाचं कोपर लागतं, आणि त्याचं अख्खं आयुष्य लागतं.

ही फियाट ११०० डिलाइट मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरमधल्या एका कौलारू घराच्या मागच्या शेडमध्ये उभी आहे. साठच्या दशकाच्या मध्याला ती घेणारे आजोबा जंगलाचे ठेकेदार होते. आता घरात वारस तिघं, दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे घरातल्या मुलांच्या आत्या. धाकट्याला गाडी हवी आहे, बाकी दोघांना त्यांचा वाटा, आणि तिघांनाही भांडण नको आहे. भंगारवाला काट्यावर तोलून न्यायला तयार आहे. नागपूरहून आलेला एक दलाल आकडा सांगून गेला, पण तो आकडा कशावरून काढला ते त्याने सांगितलं नाही. थोरल्यांनी मला विचारलं, "भाऊ, हिला रंग मारून दिली तर दुप्पट येतील ना जी?"

रंग मारू नका, एवढं मी लगेच म्हणालो. का, ते सांगायला मात्र गाडीभोवती सावकाश फिरावं लागलं.

गाडीचा रंग तिच्या जन्माचा आहे की नाही, हे बोनेटवर कळत नाही. ते डिकीच्या रबराखाली, मागच्या सीटखालच्या पत्र्यावर आणि दारांच्या बिजागऱ्यांवर कळतं. पुन्हा रंगवताना कारागीर बाहेरचा पत्रा चकचकीत करतो, पण बिजागरीचे स्क्रू काढायचा त्याला कंटाळा येतो. मग स्क्रूच्या खाचेत रंग भरतो आणि रबराच्या कडेला रेघ उमटते. इथे खाचा मोकळ्या आहेत, रबरं स्वच्छ आहेत आणि आतला हिरवा बाहेरच्या हिरव्याशी जुळतो. बाहेरचा उन्हाने दोन छटा उतरला आहे, इतकंच. फक्त पुढच्या डाव्या मडगार्डवर चुंबक धरत नाही, म्हणजे तिथे पत्र्यावर लांबी भरलेली आहे. घरच्यांना तो ठोका ठाऊक होता. आत्यांनी तर तो कुठे लागला तेही सांगितलं: बालाघाटहून येताना, गांगुलपाऱ्याच्या घाटात. मिस्त्रीने आतून हातोडीने पत्रा काढला, त्याचे घाव मडगार्डच्या पोटात अजून मोजता येतात. असा डाग मी दोषांत धरत नाही. त्याची हकीकत गाडीवर आणि माणसांच्या तोंडी एकच आहे, आणि ती तशी जुळते म्हणून गाडीच्या इतर गोष्टींवरही विश्वास बसतो.

पायांकडे या. क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालं आहे, ब्रेकच्या रबरावर आडव्या रेघा अजून दिसतात. स्टेअरिंगच्या दांड्यावर डावीकडे असलेल्या गिअरच्या मुठीची एक बाजू झिजली आहे. घाटातला ड्रायव्हर असाच असतो. तो उतारावर ब्रेकवर उभा राहत नाही, गिअर पाडून गाडी आवरतो. किलोमीटरचा काटा काहीही दाखवो, काटा खोटा असू शकतो, तळपायाची झीज खोटी करणं फार अवघड. इथे दोन्ही एकमेकांना धरून आहेत.

आता वाईट बातमी. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पट्ट्या आणि बॉडी मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तिच्या गंजाचे दोन प्रकार करावे लागतात. दारावरचा गंज नजरेला खुपतो, फ्लोअरचा गंज गाडीचा कणा खातो. बैहरच्या पठारावर पाऊस चांगला पडतो आणि ही गाडी कित्येक पावसाळे भिंतीला खेटून उभी राहिली. भिंतीकडच्या बाजूला दाराखालच्या पट्टीत स्क्रूड्रायव्हर रुतला. उजवी बाजू ठणठणीत निघाली. वायरिंग उंदरांनी खाल्लं आहे. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. हँडलने हाताने फिरवलं तेव्हा ते फिरलं, जाम नव्हतं. त्या क्षणी शेडमधले सगळे हसले, मीही.

मग हिची किंमत? बाजारात सर्रास चालणारा हिशेब असा: पूर्ण तयार झालेली अशीच गाडी ज्या भावाला जाते, त्यातून तयार करायचा खर्च वजा करायचा. कागदावर तो बिनचूक दिसतो. धरून चालू की तयार गाडी चार लाखांना जाते, आणि पत्रा, रंग, क्रोम, सीटा, इंजिन मिळून गॅरेजवाला पाच लाख सांगतो. उत्तर आलं उणे एक लाख. म्हणजे भंगारवाल्याचा काटा, नऊशे किलोच्या आसपास लोखंड. चालू शकणाऱ्या, एका घरात राहिलेल्या, मूळ रंगातल्या गाडीला जो हिशेब शून्याखाली नेतो, तो हिशेबच चुकीच्या प्रश्नाचा आहे. कारण त्या पाच लाखांतला बराचसा खर्च या गाडीला नकोच आहे. तो केला तर तिचं जे खरं मोल आहे तेच पुसलं जाईल.

म्हणून मी वजाबाकी दोन वह्यांत मांडतो. एका वहीत सुरक्षेचा खर्च: ब्रेकचे सिलिंडर आणि नळ्या, पेट्रोलची टाकी धुणं, वायरिंग, टायर, कुजलेल्या पट्टीत नवा पत्रा. हा घेणाऱ्याला टाळता येणार नाही, तो पूर्ण वजा व्हावा. दुसऱ्या वहीत हौसेचा खर्च: रंग, क्रोम, नव्या सीटा. तो ज्याची हौस त्याने करावा, विकणाऱ्याच्या माथी मारू नये. आणि मूळ रंग, एकाच खुणेच्या सगळ्या काचा, जुळणारे इंजिन आणि चासी नंबर यांसाठी उलट भर घालावी. ती भर किती, यावर दोन जाणकारांचं एकमत होणार नाही. पण ती शून्य नाही, यावर व्हायला हवं.

या गाडीच्या रास्त किमतीवर एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला आहे. १९६९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या किमती आदेशाने बांधून दिल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेली, कुर्ल्यात फियाट बनवणारी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स त्याविरुद्ध न्यायालयात गेली. तिथे सुट्या भागांचा खर्च, मजुरी, भांडवलावरचा परतावा असा एकेक आकडा तपासला गेला. नव्या गाडीची किंमत अशी खालून वर बांधता येते. जुन्या गाडीला तीच शिस्त लावायला काय हरकत आहे? दलालाचा आकडा कोणत्या विटांवर उभा आहे, ते मागून घ्यावं.

नाव आणि कागद किमतीत किती भर घालतात, याचं सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण याच जातीचं आहे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १२,००० रुपयांची फियाट घेतली, त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज होतं, आणि ते त्यांच्या मागे ललितादेवींनी पेन्शनमधून फेडलं. ती गाडी आज दिल्लीच्या स्मारकात आहे. तिच्या मोलात पत्र्याचा वाटा किती आणि त्या कर्जाच्या हकीकतीचा किती, हे सांगायला नको. बाहेरही वारं फिरलं आहे. २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात बायों संग्रहातली, शेडमध्ये धूळ खात पडलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर न पुसता विकली गेली, १ कोटी ६० लाख युरोंहून अधिक किमतीला. २०२४ मध्ये अमेरिकेत पेबल बीचच्या स्पर्धेत सर्वोच्च मान मिळाला १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला, अंगावरचा जुना रंग तसाच ठेवलेल्या गाडीला. जतन केलेल्या गाडीला तो मान तिथे पहिल्यांदाच मिळाला. बैहरच्या फियाटला त्यामुळे युरो मिळणार नाहीत. पण जी नजर तिथे मान्य झाली, ती इथे वापरायला बंदी नाही.

आपल्याकडचा कायदाही या बाजूला झुकला आहे. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,०००, मुदत १० वर्षं. अट अशी की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. धाकट्याला ती बाजारहाटाला हवी असेल तर हा रस्ता त्याचा नाही, आणि किंमत ठरवताना हे आधी बोलून घ्यायला हवं.

या घरात खरा ठेवा मला कपाटात सापडला. आरसी बुक आजोबांच्याच नावावर, कराच्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या, आणि पेट्रोलची एक वही. तारीख, लिटर, कुठे गेलो: उकवा, बालाघाट, गोंदिया, नागपूर. आत्यांनी वही उघडून एका पानावर बोट ठेवलं. त्या दिवशी त्यांना बाळंतपणाला माहेरी आणलं होतं.

आठवणीची किंमत घेणाऱ्याकडून मागू नये, असं माझं ठाम मत आहे. परक्याला त्यांच्या बाळंतपणाशी देणंघेणं नाही. पण वही हा पुरावा आहे, आणि पुराव्याला भाव असतो. वही गाडीबरोबर गेली तर किंमत एक, घरात राहिली तर दुसरी, आणि दुसरी कमी.

शेवटी आकडा त्या तिघांनीच ठरवला, तो त्यांच्यातच राहू दे. सुरक्षेचा खर्च वजा झाला, रंगाचा झाला नाही, मूळपणाची भर तिघांनी मिळून घातली. धाकटा बाकी दोघांना त्यांचा तिसरा हिस्सा देईल. वारसांची संमती जोडून फॉर्म ३१ बालाघाटच्या परिवहन कार्यालयात जाईल. आत्यांनी एक अट घातली आणि ती कागदावर आली: पुढे कधी विकायची झाली तर आधी घरात विचारायचं, याच रीतीने किंमत काढून. थोरल्यांनी दुसरी घातली, गाडी भिंतीपासून हात-दीड हात सरकवून विटांवर घ्यायची, पावसाच्या आत.